दोनशे सात वाकडे दात

करवतीचे दात वाकडे आहेत, हे ती हातात घेतल्याबरोबर डॉक्टरांच्या लक्षात आलं. माणूस बावीस वर्षं एकच काम करत असला की त्याला जगात तेवढंच दिसायला लागतं. शिंप्याला पाहुण्याच्या आधी त्याचा सदरा दिसतो, तसे डॉक्टरांना माणसाच्या आधी त्याचे दात दिसत. ते दातांचे डॉक्टर होते. पण दात काढणारे नव्हेत, दात सरळ करणारे. हा फरक ते भेटेल त्याला समजावून सांगत, आणि समोरचा तो शांतपणे ऐकून घेऊन विचारी, "म्हणजे दातांचेच ना?"

तर रविवारच्या जुन्या बाजारात, किल्ली नसलेली कुलुपं आणि कुलूप नसलेल्या किल्ल्या यांच्यामध्ये ती करवत पडली होती. दोन फूट लांब पातं, लाकडी मूठ, वर गंजाचा जाड थर.

"दात वाकडे आहेत," डॉक्टर म्हणाले.

"करवतीचे आहेत साहेब," विकणारा म्हणाला.

"ते दिसतंय. पण एकही सरळ नाही."

"पोलाद बघा." त्याने पात्यावर टिचकी मारली. पातं बराच वेळ घुमत राहिलं. "असं पोलाद आता येत नाही."

"पोलादाबद्दल माझी तक्रारच नाही. दातांचं काय ते कमी करा."

विकणाऱ्याने आधी करवतीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि एक शब्द न बोलता भाव कमी केला. थोडं पुढे गेल्यावर डॉक्टरांनी वळून पाहिलं, तर तो शेजारच्या कुलुपवाल्याला काहीतरी सांगत होता आणि दोघं पोट धरून हसत होते. सौदा अंगावर आला की माणसं वरवर अशीच हसतात, असा डॉक्टरांनी अर्थ काढला.

जुनी हत्यारं आणून नवी करायचा हा नाद दोन महिन्यांचा होता. सुरुवात एका पेचकसाने झाली. त्याचा गंज काढून दांड्याला तेल लावल्यावर तो असा काही चमकला, की डॉक्टर तो आठवडाभर खिशात घालून हिंडत होते. मग पक्कड आली, मग रंधा, मग हातोड्या. त्यांची बायको आकडेवारीच्या खात्यात नोकरीला होती आणि वाक्यं मोजून वापरायची. ती एवढंच म्हणाली होती, "आपल्याकडे आता सहा हातोड्या आहेत आणि भिंतीत एकही खिळा नाही."

करवतीला मात्र काम होतं, आणि तेही साधंसुधं नव्हतं.

महिन्यापूर्वी घरात जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवल्या होत्या. काम सुरेख झालं. शेवटच्या दिवशी, काढून ठेवलेले चारही दरवाजे परत लावताना कळलं, की जमीन चौदा मिलिमीटर वर आली आहे आणि दरवाजे तेवढे लांब ठरले आहेत. टाइलवाला म्हणाला, "सुताराला बोलवा, खालून कापून देईल. दहा मिनिटांचं काम आहे." सुतार फोनवर म्हणाला, "उद्या येतो." हे उद्या त्याने सतरा वेळा सांगितलं. तोवर चारही दरवाजे हॉलच्या भिंतीला टेकून उभे होते आणि बाथरूमला जुनी चादर टांगलेली होती. आत असलेल्याने अधूनमधून खोकायचं, असा घरात नियम झाला. आठवडाभरात नवराबायको दोघांचाही घसा बसला.

आणि अशा घरात डॉक्टरांचे सासरे यायचे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दवाखान्यातून थेट लेकीकडे, पंधरा दिवसांसाठी.

सासऱ्यांनी तंत्रशाळेत पस्तीस वर्षं सुतारकाम शिकवलं होतं. जावयाशी त्यांचं कधी वाजलं नव्हतं. उलट ते चारचौघांत नेहमी म्हणत, "जावईबापूंचं डोकं चांगलं आहे." पहिली काही वर्षं डॉक्टरांना याचा आनंद झाला. मग एकदा बायकोने सहज सांगितलं, की ज्या पोराकडून साधा पाटसुद्धा धड जुळत नसे, त्याच्या प्रगतिपुस्तकात बाबा हेच वाक्य लिहीत. तेव्हापासून डॉक्टरांच्या मनात ते सलत होतं. अर्ध्या मिलिमीटरची तार बोटांत फिरवून ते चिमुकल्या तोंडात बसवत, दिवसाला वीस वीस तोंडं, आणि या गृहस्थांच्या लेखी त्यांना हातच नव्हते.

"सुताराला परत फोन करू का?" बायकोने विचारलं.

"नको. बाबा यायच्या आत बाथरूमचा दरवाजा मी कापतो. याच करवतीने."

"त्यांच्या देखत नको, एवढं बघ," बायको म्हणाली. डॉक्टरांना हेही सललं.

करवतीची तब्येत सुधारायचं काम त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने हाती घेतलं. पातं व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवलं, पॉलिश पेपरने घासलं, मूठ उतरवून तिला तीन वेळा तेल पाजलं. मग क्लिनिकमधला कोरा केस पेपर घेऊन तिची तपासणी लिहिली. वय अंदाजे साठ. हिरड्यांच्या जागी गंज. एकूण दात दोनशे सात. तक्रार: पहिला दात डावीकडे झुकलेला, दुसरा उजवीकडे, तिसरा डावीकडे, चौथा उजवीकडे, आणि असंच शेवटपर्यंत.

बायकोने तो कागद वाचला. "एकाआड एक?"

"एकाआड एक. मी प्रत्येक मोजलाय."

"दोनशे सात दातांत एकही अपवाद नाही?"

"एकही नाही."

"मग हा बिघाड नसेल रे. आपोआप बिघडलेलं काही इतकं नियमित नसतं."

डॉक्टर मायेने हसले. "तुझं आकड्यांचं ठीक आहे. पण दातांचं मला कळतं."

पुढचे तीन आठवडे करवत रोज डॉक्टरांबरोबर क्लिनिकला जात होती. तारा वाकवायच्या बारीक पक्कडीने, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, ते एकेक दात सरळ करत. डोळ्याला भिंग लावत, फटीतून उजेड बघत, केसभर दाबत, पुन्हा बघत. दारातल्या बाई बाहेर बसलेल्या आयांना सांगत, "जरा थांबावं लागेल. डॉक्टर एका अवघड केसमध्ये आहेत. दोनशे सात दात आहेत." दोन आया दुसऱ्या डॉक्टरांकडे निघून गेल्या. तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी शेवटचा दात रांगेत आला. डॉक्टरांनी करवत डोळ्यासमोर आडवी धरली. दोनशे सात दात पट्टीने आखल्यासारखे एका रेषेत उभे होते. इतकं निर्दोष काम त्यांच्या हातून माणसाच्या तोंडातसुद्धा झालं नव्हतं. त्यांनी केस पेपरवर 'उपचार पूर्ण' लिहिलं आणि दोन फोटो काढले, आधीचा मिळाला नाही म्हणून दोन्ही नंतरचेच.

मध्ये एक छोटी अडचण आली ती सोसायटीची. घरात सुतारकाम करायचं तर अर्ज लागतो, हे सचिवांनी जिन्यात अडवून सांगितलं. अर्जात मालकाचं नाव, कामगाराचं नाव, कामगाराचा पूर्वानुभव असे रकाने होते. डॉक्टरांनी सगळे प्रामाणिकपणे भरले.

"मालक आणि कामगार दोन्हीकडे तुमचीच सही आहे," सचिव म्हणाले.

"मीच आहे दोन्ही."

"असू द्या ना, माझं काही म्हणणं नाही. पण मालकाने कामगाराची हमी घेतल्याचं पत्र जोडावं लागतं. नियम आहे."

डॉक्टरांनी तिथेच जिन्यात उभं राहून पत्र लिहिलं: 'वरील इसमास मी एकोणपन्नास वर्षे ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली असून त्याच्याकडून इमारतीस कोणताही उपद्रव होणार नाही.' सचिवांनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. वेळ मिळाली रविवारी सकाळी दहा ते एक. एकनंतर एक टोलासुद्धा ऐकू येता कामा नये.

रविवारी दहाला पाच कमी असताना बाथरूमचा दरवाजा चार खुर्च्यांवर आडवा झाला. डॉक्टरांनी चौदा मिलिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारली आणि ती तीन ठिकाणी मोजून पाहिली. सचिव नियमानुसार पाहणीला आले होते. वरच्या मजल्यावरचे काका नियमाशिवाय आले होते. त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" इथून सुरू होई.

पहिले चार हात छान चालले. भुसा पडला. डॉक्टरांनी बायकोकडे एक नजर टाकली. तिनेही मान हलवून दाद दिली. पाचव्या हाताला करवत जड झाली, सातव्याला करकरली आणि नवव्याला लाकडात जी रुतली ती रुतलीच. पुढे जाईना, मागे येईना. कापलं गेलं होतं दोन इंच. राहिलं होतं सत्तावीस.

"माझा अनुभव सांगतो," अनुभवी म्हणाले, "साबण लावा."

साबण लावला. मग खोबरेल तेल लावलं. मग अनुभवींच्या अनुभवावरून केस वाळवायच्या यंत्राने पातं तापवलं, आणि लाकूड फुगलं असेल म्हणून त्याच यंत्राने लाकूडही तापवलं. शेवटी सचिवांनी दरवाजा धरला, अनुभवींनी सचिवांना धरलं आणि डॉक्टरांनी मूठ ओढली. मूठ निघून हातात आली. पातं होतं तिथेच राहिलं.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. सासरे दुपारी यायचे होते, पण दवाखान्यातून लवकर सुटका झाली होती. काळा चष्मा, एका हातात पिशवी, बरोबर रिक्षावाला. त्यांनी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थांबून हवेत नाक फिरवलं.

"सागवान कोण जाळतंय?"

"जाळत नाही बाबा," लेक म्हणाली. "कापतोय आम्ही."

"बरं. आधी मला बाथरूम दाखव."

लेकीने त्यांना चादरीपर्यंत नेलं. त्यांनी चादर चाचपली, क्षणभर विचार केला आणि आत गेले. हॉलमधले सगळे एकदम मोठमोठ्याने बोलायला लागले. अनुभवींनी तर पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

सासरे बाहेर आले. आता काही लपवण्यासारखं उरलं नव्हतं. डोळ्यांत धूळ जाऊ द्यायची नाही, मान खाली घालायची नाही, असं डॉक्टरांनी, म्हणजे त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून खिडकीपाशी खुर्ची टाकून ते ताठ बसले. "एक पाचर ठोका चिरेत. बारकी. हळू," ते म्हणाले. डॉक्टरांनी पाचर ठोकली आणि पातं लोण्यातून निघावं तसं बाहेर आलं. "द्या इकडे."

त्यांनी पात्याला टिचकी मारली. ते घुमत राहिलं, तसा त्यांचा चेहरा उजळला. "वा. कुठे मिळाली?"

"जुन्या बाजारात," डॉक्टर म्हणाले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्यांनी त्यांना 'वा' म्हटलं होतं.

मग सासऱ्यांचं बोट दातांवरून फिरलं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं, पुन्हा परत आलं, आणि थांबलं.

"हे दात सरळ कोणी केले?"

"मी."

"किती?"

"दोनशे सात."

"सगळे?"

"सगळे," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक दात वाकडा होता."

सासऱ्यांनी करवत मांडीवर ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण पस्तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, त्यांनी शिकवायलाच सुरुवात केली.

"करवतीचा एक दात इकडे आणि एक तिकडे मुद्दाम वाकवलेला असतो, जावईबापू. म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पात्याला हलायला जागा राहते. दात सरळ असले तर चीर पात्याएवढीच पडते. मग लाकूड पात्याला धरून ठेवतं. आता धरलं तसं."

बायकोने डॉक्टरांकडे पाहिलं. ती काहीच म्हणाली नाही, आणि हे फार मोठ्या मनाचं होतं.

"म्हणजे तीन आठवडे मी..."

"तीन आठवडे? म्हणजे मन लावून केलंत." सासऱ्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. "एकही चुकार नाही. कसल्या पक्कडीने केलंत?"

डॉक्टरांनी खिशातून तार वाकवायची पक्कड काढून त्यांच्या हातात दिली. सासऱ्यांनी ती उघडझाप करून पाहिली आणि तिची टोकं अंगठ्यावर टेकवली.

"आमच्याकडे अशी नव्हती," ते म्हणाले. "आता किती वाजले?"

"अकरा पस्तीस," सचिव म्हणाले. "एकला बंद."

"मग बसा जावईबापू. सगळे परत वाकवायचे. फक्त वरचा अर्धा दात, बुडापासून नाही. ऐका आता. पोलाद दुसऱ्यांदा वाकवताना तुटतं. एखादा दात गेला तर चालेल. शेजारचे दोन गेले तर करवत संपली. मला दिसत नाही आणि मला वाकता येत नाही, तेव्हा हे तुम्हालाच करायचंय."

डॉक्टर दरवाजासमोर बसले. भिंग लावलं. पहिला दात पक्कडीत धरला. आणि हात चालेना.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"सवय नाही."

"कशाची?"

"चांगला दात वाकडा करायची."

सासरे हसले. डॉक्टरांनी त्यांना असं कधी हसताना पाहिलं नव्हतं. काळा चष्मासुद्धा हलला. "तोंडासाठी नाही हो करत. लाकडासाठी करताय. दाबा."

डॉक्टरांनी दाबलं. दात केसभर डावीकडे गेला. पुढचा उजवीकडे. पहिल्या वीस दातांना दहा मिनिटं लागली आणि सचिवांनी घड्याळाकडे पाहिलं. मग हाताला वजन कळलं. किती दाबलं की दात किती ऐकतो, हे डॉक्टरांना कोणी शिकवायची गरज नव्हती. रोज वीस तोंडांतून ते हेच तर करत होते, फक्त उलट दिशेने. पन्नास झाले. ऐंशी झाले. अठ्ठ्याऐंशीव्याला बारीकसा टक् आवाज आला.

"गेला?" सासऱ्यांनी विचारलं.

"गेला."

"पुढचा सांभाळा."

डॉक्टरांनी श्वास रोखला. त्या फटीशेजारच्या दाताला त्यांनी एका झटक्यात नाही, तीन वेळा थोडं थोडं दाबलं, जसं ते घाबरलेल्या पोराच्या दाताला दाबत. तो वळला आणि टिकला. अनुभवींनी माझा अनुभव असं म्हणायला तोंड उघडलं आणि बायकोने त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

साडेबाराला शेवटचा दात झाला.

"बारीक सुई आण ग," सासरे लेकीला म्हणाले. करवतीचे दात वर करून त्यांनी पातं किंचित तिरकं धरलं. दोन्ही बाजूंना झुकलेल्या दातांच्या मधोमध आता एक बारीक पन्हळ तयार झाली होती. त्यांनी शेवटच्या दाताकडून सुई त्या पन्हळीत ठेवली. "दात सारखे असले तर ही या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडता जाते. सगळे गप्प बसा. मला ऐकायचंय."

सुई निघाली. अगदी बारीक, सलग आवाज येत होता. पात्याच्या मध्यावर तो थांबला.

"एकशे बारा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. त्यांनी पक्कड लावली, टेकवल्यासारखं केलं आणि काढून घेतली.

सुई पुन्हा सुटली. मध्य ओलांडून गेली, तुटक्या दाताची फट ओलांडून गेली आणि टोकावरून जमिनीवर पडली. नव्या टाइलवर ती पडल्याचा आवाजसुद्धा सगळ्यांनी ऐकला.

सासरे लेकीकडे वळले. "या माणसाचं डोकं काही खास नाही ग," ते म्हणाले. "मी उगाचच सगळ्यांना सांगत होतो."

डॉक्टरांनी खाली वाकून मूठ परत बसवली आणि वाकूनच राहिले, जरा जास्तच वेळ. मग उठून करवत रेघेवर ठेवली.

आता ती चालली. दोन्ही बाजूंना भुसा उडवत, रेघ न सोडता, एका लयीत. सासरे खिडकीत बसून लय ऐकत होते आणि मध्येच "घाई नको" म्हणत होते. सचिव दरवाजा धरून होते. शेवटचे चार इंच राहिले तेव्हा समोरच्या घरातलं घड्याळ एक वाजल्याचं सांगू लागलं. सगळ्यांनी सचिवांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

"समोरच्यांचं घड्याळ पुढे असतं," ते म्हणाले. "चालू द्या."

लाकडाची चौदा मिलिमीटरची पट्टी अखंड खाली पडली. चौघांनी मिळून दरवाजा बिजागऱ्यांत बसवला. चादर काढली. डॉक्टरांनी एका बोटाने ढकलला, तर तो कुठेही न घासता जाऊन चौकटीला लागला.

सासरे उठले. एका हाताने भिंत धरत बाथरूमपर्यंत गेले, आत शिरले आणि दार लावलं. कडी लागल्याचा आवाज आला. थोडा वेळ आतून नुसतंच बिजागरी मागेपुढे करून पाहिल्याचं ऐकू येत होतं. मग आवाज आला.

"आता कुठला दरवाजा राहिलाय?"

"स्वयंपाकघराचा, बाबा," लेकीने सांगितलं. "पण आज एक वाजून गेला. उद्याची परवानगी काढावी लागेल."

"काढा. तोवर करवतीला कोणीही हात लावायचा नाही." आत नळ सुरू झाला आणि बंद झाला. "जावईबापू सोडून."